बुंदीचं अभ्यंगस्नान

आमच्या मांजरीला, बुंदीला, उटणं लावायची कल्पना केतकीची. नरकचतुर्दशीची पहाट होती, उजाडायला अजून अवकाश होता. कृष्णेवरचं धुकं घाट चढून आमच्या परसापर्यंत आलं होतं आणि न्हाणीघराच्या दाराशी ठेवलेल्या दोन पणत्या त्यात नुसत्या पिवळ्या डागांसारख्या दिसत होत्या. सहा वर्षांची केतकी नुकतीच न्हाऊन, पंच्यात गुंडाळून पाटावर बसली होती. सगळ्यांची अंघोळ झाली, मग बुंदीची का नाही, असं तिचं म्हणणं. आजच्या दिवशी उजाडायच्या आत न न्हाणारा नरकात जातो, हे आदल्या रात्री मीच तिला ऐकवलं होतं. त्यामुळे मला आता तोंड उघडायची सोय नव्हती.

एरवी मी "गप बस गं" म्हणून विषय मिटवला असता. मी तेव्हाही फटकळ होते, आजही आहे. पण त्या वर्षी न्हाऊ घालायला मी नव्हते, वृंदा होती. वृंदा म्हणजे माझी धाकटी बहीण, केतकीची आई. चार वर्षं मस्कतच्या इस्पितळात नर्स म्हणून काढून ती आठवड्यापूर्वीच कायमची परत आली होती. आल्यापासून केतकीने तिच्याकडे आपणहून मागितलेली ही पहिली गोष्ट. पोरीने चंद्र मागितला असता तरी वृंदाने शिडी शोधली असती, मांजराचं काय घेऊन बसलात.

बुंदी गरीब मांजर. वृंदाने तिला नर्सच्या सवयीच्या हातांनी मानेजवळ धरलं, कोमट तेल लावलं, उटणं चोळलं, तीन तांबे पाणी घातलं. केतकी टाळ्या पिटत होती. मग टॉवेलने खसखसून पुसून वृंदाने मस्कतहून आणलेल्या अत्तराचं बोट तिच्या दोन्ही कानांमागे टेकवलं. केतकी हसत हसत आईच्या खांद्याला रेलली. मी चुलीपाशी बसून हे पाहत होते आणि मला ते आवडलं नाही, हे आता सांगायला हरकत नाही.

इथे मागचं थोडं सांगते. वृंदाचा नवरा अपघातात गेला तेव्हा केतकी पावणेदोन वर्षांची होती. मी लग्न केलेलं नाही, वाईतल्या आमच्या घरात मशीन टाकून ब्लाउज शिवते. वृंदाने पोर माझ्याकडे सोपवली आणि विमानात बसली. मधे एकदा महिनाभर येऊन गेली, बस्स. केतकीला ताप आला तो माझ्या मांडीवर, दात पडला तो माझ्या हातात, आणि रात्री ती झोपायची ती माझ्या पदराचं टोक मुठीत धरून. मी तिला "आईशी फोनवर बोल" म्हणायची, ती शाळेत हजेरी द्यावी तशी "हो आई, बरी आहे आई" म्हणायची.

आता वृंदाला नाशिकला नोकरी मिळाली होती, राहायला दोन खोल्या मिळाल्या होत्या. तुळशीचं लग्न झालं की रुजू व्हायचं होतं. आल्या दिवशीच, केतकी झोपल्यावर, ती माझ्या मशीनशेजारी येऊन बसली. म्हणाली, "ताई, मी तिला ओढून नेणार नाही. आपणहून आली तर नेईन. नाही आली तर ती तुझीच. परत कधी विषय काढणार नाही."

मी "बरं" एवढंच म्हटलं आणि दोरा ओवत राहिले. केतकी जाणार नाही, याची मला खात्री होती. तीन आठवडे काही न करता बसून राहिलं की झालं, एवढा साधा हिशेब होता.

आता मांजरांचं. आधीची माझी दोन मांजरं, एक ट्रकखाली गेलं, एक कुत्र्यांनी फाडलं. तेव्हा मी परसातल्या पेरूच्या झाडाभोवती बारीक जाळीचं घर करून घेतलं, वरूनसुद्धा जाळी, एका कोपऱ्यावर पत्रा, आत बसायला फळ्या. गल्लीत त्याला उज्ज्वलाबाईंचा तुरुंग म्हणायचे, म्हणोत. त्यात खारी आणि बुंदी राहायच्या. एका आईच्या, पिठाच्या गिरणीमागे एका खोक्यात सापडलेल्या. खारी भुरकी, बुंदी पिवळी. दुपारी पेरूच्या सावलीत एकमेकींत अशा गुंतून पडायच्या की कुठली शेपटी कुणाची ते कळायचं नाही. एकीने दुसरीचे कान चाटल्याशिवाय दिवस सुरू व्हायचा नाही. केतकी त्यांच्यातच वाढली, फळीवर पाटी घेऊन बसायची आणि त्यांना पाढे शिकवायची.

तर ती न्हालेली बुंदी केतकीने जाळीत सोडली. धुकं तेव्हा जरा विरळ झालं होतं, पेरूची पानं टपटपत होती, लांब कुठेतरी फटाक्यांची माळ लागली होती. खारी फळीवरून उतरली, शेपटी उभी करून नेहमीसारखी तिच्याकडे आली. नाकाला नाक लावलं. आणि थांबली.

मग तिच्या घशातून जो आवाज निघाला तो मी मांजराच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता. क्षणात दोघी एक चेंडू होऊन जाळीवर आदळल्या. बुंदी पळत होती आणि खारी तिला सोडत नव्हती. पिवळे केस हवेत उडाले, बुंदी कशीबशी पेरूवर चढली, खाली खारी फुगून दुप्पट झालेली, तिच्यावर डोळे रोखून. वृंदा आत धावली, तिने खारीला उचललं तर खारीने तिचा हात कोपरापर्यंत ओरबाडला. बुंदीचा एक कान फाटून लोंबत होता.

केतकी किंचाळली नाही. तेच वाईट. ती जाळीला दोन्ही हात लावून उभी राहिली, पांढरीफटक, आणि मग वळून वृंदाला म्हणाली, "तू तिला वाईट केलंस."

"अगं बाळा, मी तर..."

"माझ्याशी बोलू नकोस."

आणि ती पळत येऊन माझ्या कुशीत शिरली. मी तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवत राहिले. समोर वृंदा उभी होती, हातातून रक्त ठिबकत होतं, अंगावर नवी साडी. मी तिला आत ये म्हणायला हवं होतं, हळद लावायला हवी होती. पण त्या क्षणी मला बरं वाटत होतं. पोर माझ्या कुशीत होती आणि मला खूप बरं वाटत होतं. देवाने त्याबद्दल माझं काय करायचं ते करावं.

त्यानंतरची दिवाळी कशीतरीच गेली. बुंदीला स्वयंपाकघरात ठेवलं, खारीला जाळीत. दाराच्या फटीतून नुसती सावली दिसली तरी खारी फुत्कारायची. लक्ष्मीपूजनाला पूर्ण घरात पणत्या होत्या, आणि आम्ही तिघी त्या उजेडात एकमेकींना चुकवत फिरत होतो. सकाळी धुकं, दुपारी फिकं ऊन, संध्याकाळी पुन्हा धुकं. ते दिवस आता आठवताना मला झोपेत पाहिल्यासारखे वाटतात. वृंदाने मांजराच्या आकाराच्या करंज्या केल्या, केतकीने एकही खाल्ली नाही. वृंदाने नाशिकच्या घरासमोर बाग आहे म्हणून सांगितलं, केतकीने माझ्याकडे वळून, तिला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, आई कधी जाणार? मी "असं बोलू नये" म्हटलं, पण कसं म्हटलं ते माझं मला माहीत.

भाऊबीजेला मी बुंदीचा कान दाखवायला शिंगटे डॉक्टरांकडे गेले. ते खरे गुराढोरांचे डॉक्टर, माझी मांजरं पाहिली की त्यांना हसू आवरायचं नाही. केतकी बरोबर होती, तिनेच झाला प्रकार सांगितला, उटण्यासकट. डॉक्टर हसायचे थांबले.

"अवं बाई, मांजर वळखतंय ते नाकानं," ते म्हणाले. "हिच्या अंगाचा वास तुमी धुऊन टाकला, वर चंदन फासलं, अत्तर लावलं. त्या दुसरीला वाटलं, बहिणीचं तोंड घेऊन कोण परकं घरात शिरलं. ती भ्याली. भ्याली म्हणून लढली."

मग त्यांनी म्हशींची गोष्ट सांगितली. एखादीचं रेडकू मरतं, एखादं रेडकू पोरकं होतं. ते परकं रेडकू म्हशीच्या पुढ्यात नुसतं उभं केलं तर ती लाथ घालते. म्हणून गवळी तिचंच दूध त्याच्या अंगाला चोळतात आणि दोघांना बांधून सोडून देतात. ती हुंगते, चाटते, दोन दिवसांत पान्हा सोडते. मांजरांचंही तसंच करायचं. एक फडकं घ्यायचं, हिच्या गालावरून फिरवायचं, तिच्या ताटलीखाली ठेवायचं, तिच्या गालावरून फिरवायचं, हिच्या अंथरुणात टाकायचं. घाई करायची नाही, आणि समोरासमोर आणायचं ते शेवटी, मधे जाळी ठेवून.

परत येताना केतकी माझं बोट धरून सारखं विचारत होती, म्हणजे खारी वाईट नाही ना, म्हणजे बुंदीपण वाईट नाही ना. मी हो हो करत होते. डॉक्टरांचं बोलणं ऐकता ऐकताच मला दुसरं काही लख्ख कळून चुकलं होतं. ते मी केतकीलाही सांगितलं नाही आणि वृंदालाही नाही. घरी येऊन मशीनवर बसले आणि पाय चालवत राहिले. असे चार दिवस मी गप्प राहिले.

केतकीने मात्र काम मनावर घेतलं. माझ्याकडून अस्तराच्या कापडाचे तुकडे मागून घेतले, बुंदीचे वेगळे, खारीचे वेगळे. सकाळ संध्याकाळ गाल पुसायचे, तुकडे अदलाबदल करायचे. पहिल्या दिवशी खारीने तुकड्यावर पंजा मारला. दुसऱ्या दिवशी लांबून वळसा घालून गेली. चौथ्या दिवशी त्यावर बसून अंग चाटत होती. केतकीने मला हाताला धरून ते दाखवायला नेलं. वृंदाही मागे आली होती, लांब उभी राहून पाहत होती. केतकीने तिला बोलावलं नाही.

त्याच दुपारची गोष्ट. केतकी शेजारी खेळायला गेली होती. माझ्याकडे सुईला लावायचा पिवळा दोरा संपला म्हणून मी आतल्या खोलीकडे निघाले, तर स्वयंपाकघरातून वृंदाचा आवाज आला. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, बुंदी मांडीवर. शेजारी तिची पिशवी उघडी होती. केतकीसाठी आणलेले फ्रॉक तिने त्यातून काढून, घड्या घालून, माझ्या फडताळात नीट रचून ठेवले होते. म्हणजे ते इथेच राहणार होते. म्हणजे ती ठरवून बसली होती.

मी दाराआड थांबले. चोरून ऐकू नये हे मला कळतं, तरी थांबले.

"तुझी काही चूक नाही गं," ती बुंदीला म्हणत होती. "तू तीच आहेस. पण तिच्या नाकाला कसं कळणार?" बाहेर कुणीतरी नदीवर धुणं आपटत होतं, त्याचा आवाज सावकाश येत होता. "माझा तर वासच तिला ठाऊक नाही. कुठून ओळखेल? जाऊ दे. इथे सुखात आहे ती."

रडत नव्हती. रडली असती तर मी कदाचित चिडले असते आणि निघून गेले असते. ती लहान असताना आमची आई वारली, तेव्हापासून तिला मी वाढवली. दोन वेण्या घालून शाळेत सोडली, तिच्या पहिल्या पगाराची साडी मी नेसले. जिला मी लेकीसारखी वाढवली तिचीच लेक मी गप्प बसून लाटायला निघाले होते. माझी मलाच लाज वाटली.

मी आतल्या खोलीत गेले. अंगावर दोन दिवसांची नेसलेली सुती साडी होती, शिवणाच्या गर्दीत बदलायला फुरसत झाली नव्हती. मशीनच्या तेलाचा, नव्या कापडाच्या खळीचा, घामाचा, स्वयंपाकाचा, सगळा वास तिला होता. ती सोडली, दुसरी गुंडाळली आणि येऊन वृंदाच्या पुढ्यात टाकली.

"ही नेस."

"पारोशी साडी? कशाला?"

"नेस म्हणते ना. आणि ती पावडर पुसून टाक तोंडावरची, अत्तर धू. माझ्या साबणाने धू."

ती माझ्याकडे पाहत राहिली. नर्स बाई, डॉक्टरांची गोष्ट तिनेही केतकीच्या तोंडून दहादा ऐकली होती. तिच्या लक्षात आलं. तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "ताई, विचार कर."

"चार दिवस केलाय," मी म्हटलं. "ऊठ."

दुपारी जेवून केतकी आणि मी माजघरात गोधडीवर आडव्या व्हायचो, रोजचा नेम. मी खिडकी लावून घेतली. वृंदाला माझ्या जागेवर, भिंतीकडे तोंड करून झोपवलं, माझीच गोधडी अंगावर घातली. केतकी खेळून आली ती डोळे चोळतच. मी मशीनवर होते. तिला म्हटलं, जा बाई, पड जाऊन, मी आलेच काजं करून. त्या पोरीशी मी खोटं बोलायची ती पहिली वेळ.

ती आत गेली. मी मशीन थांबवलं आणि उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिले. खोलीत कौलातल्या काचेतून एकच कवडसा पडला होता, त्यात धूळ हळूहळू वर चढत होती. केतकी अंधारात चाचपत गोधडीत शिरली, नेहमीसारखी पाठीला चिकटली, पदराचं टोक शोधून मुठीत घेतलं, नाकाशी नेलं. तिचा श्वास लांबत गेला. वृंदा दगडासारखी पडून होती, हललीच नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. जाळीतून खारीचा आवाज आला, साधा, भुकेचा.

मग झोपेतच केतकी म्हणाली, "मावशी."

ही तिची सवय होती. झोपेत एकदा हाक मारायची, मी "ओ" म्हणायची, ती कूस बदलून परत झोपायची. चार वर्षांत ती ओ कधी चुकली नव्हती. मी तोंड उघडलं. आणि पदराचा बोळा करून तोंडात धरला.

"मावशी," केतकी पुन्हा म्हणाली, या वेळी जरा जागी होऊन.

वृंदाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने खाकरून घसा साफ केला आणि म्हणाली, "ओ."

केतकीने डोळे उघडले. अर्धवट झोपेत ती त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आता उठेल, आता रडेल, आता मला शोधत धावत येईल, म्हणून मी वाट पाहत होते. खोटं कशाला सांगू, मला ते हवंही होतं. तिने पदर पुन्हा हुंगला, मग आईचा गळा हुंगला, मग पुन्हा पदर.

"तुला मावशीचा वास येतोय," ती म्हणाली.

"मावशीचीच साडी आहे," वृंदा म्हणाली.

केतकीने त्यावर थोडा विचार केला. मग तिने एक पाय उचलून आईच्या कमरेवर टाकला आणि डोळे मिटले. वृंदाचा ओरबाडलेला हात सावकाश वर आला आणि तिच्या पाठीवर टेकला. मी परसात गेले आणि खारीला दूध घातलं.

मांजरं पुढे आठ दिवसांनी एका ताटलीत जेवू लागली. पूर्वीसारखी एकमेकींत गुंतून मात्र पुन्हा कधी झोपली नाहीत, एक वरच्या फळीवर, एक खालच्या. माझ्या दोन साड्या नाशिकला गेल्या. सुरुवातीला वृंदा दर पंधरवड्याला त्यातली एक पाठवायची आणि मी दोन दिवस नेसून परत पाठवायची, न धुता. उन्हाळ्यापर्यंत तिने साड्या मागणं बंद केलं. मी समजायचं ते समजले.

केतकी आता सत्तावीस वर्षांची आहे. सुट्टीला येते, माझ्या हातची भाकरी खाते, मायेची आहे पोर. गल्लीतल्या बायका अजून विचारतात, इतका लळा लागलेली पोर तुळशीच्या लग्नानंतर एसटीत बसून एकदाही मागे न बघता गेली कशी? मी म्हणते, आईबरोबर गेली, त्यात काय नवल. पण ती एसटीतून गेलीच नाही. ती त्या दुपारी गेली, मी उंबऱ्यात उभी असताना. तिने मला हाक मारली आणि मी ओ दिली नाही.